बिलुंडची वारी: लेगो इनसाइड टूरला जाणाऱ्यांसाठी

लेगो म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांची खेळणी बनवणारी डॅनिश कंपनी, आणि तिचा कारखाना, संग्रह वगैरे आतून दाखवणारी सहल म्हणजे इनसाइड टूर. या टूरला नुसते पैसे असून भागत नाही, आधी सोडतीत नाव लागावं लागतं. म्हाडाच्या घराची वाट बघितलेल्या माणसाला ही भावना नवीन नाही. २००५ पासून कंपनी वर्षातून मोजक्याच तुकड्या डेन्मार्कमधल्या बिलुंडला बोलावते. एका तुकडीत साधारण तीस-पस्तीस जण असतात आणि अर्ज मात्र जगभरातून येतात. नोंदणी ऑनलाइन असते आणि ठराविक दिवसांपुरतीच उघडते. त्यात लवकर अर्ज केला म्हणून नंबर वर जात नाही, म्हणून पहिल्या मिनिटाला वेबसाइटवर तुटून पडायची गरज नाही. मात्र एकापेक्षा जास्त तारखांना होकार देऊन ठेवा. ऑफिसच्या सुट्टीचं नंतर बघता येतं.

नाव लागलं की पैसे लगेच भरावे लागतात आणि रक्कम रुपयांत लाखांत जाते. राहणं, जेवण आणि टूरमधली ने-आण त्यात येते. विमान आणि व्हिसा आपला आपल्याला. सोबत येणाऱ्यालाही पूर्ण पैसे पडतात. माझ्या बायकोला लेगोचं वेड अजिबात नाही. ‘एवढ्या पैशात घराचं फर्निचर झालं असतं’ हे तिने एकदाच, पण नीट ऐकू येईल असं म्हटलं. पुढे मजा तिलाच जास्त आली, ते येईलच.

व्हिसा शेंगेन. मुक्काम मुख्यतः डेन्मार्कमध्ये असेल तर अर्ज डेन्मार्ककडेच करायचा, मुंबईतल्या केंद्रात कागदपत्रं आणि बोटांचे ठसे द्यायचे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण टूर बहुधा उन्हाळ्याच्या आगेमागे असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये निम्मी मुंबई युरोपला निघालेली असते. अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. कंपनीकडून आलेलं निश्चितीचं पत्र, त्यात राहण्याची सोय आणि तारखा स्पष्ट लिहिलेल्या, हे फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. ‘खेळणी बघायला चाललोय’ हे पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने काउंटरवर सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतं. पत्र असलं की फार बोलावं लागत नाही.

बिलुंडला रेल्वे नाही, पण विमानतळ आहे, आणि तोही लेगोमुळेच. लेगोच्या संस्थापकांचे चिरंजीव गॉडफ्रेड कर्क ख्रिश्चनसेन यांनी साठच्या दशकात कारखान्याशेजारी कंपनीची खासगी धावपट्टी बांधली आणि १९६४ मध्ये तिचा सार्वजनिक विमानतळ झाला. लोकवस्ती जेमतेम सात हजारांच्या आसपास आणि विमानं थेट युरोपातल्या मोठ्या शहरांतून येतात, हे गणित त्याशिवाय जुळत नाही. मुंबईहून युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलून थेट बिलुंडला उतरणं सगळ्यात सोपं. कोपनहेगन बघायचं असेल तर तिथून वायले या शहरापर्यंत रेल्वेने सव्वादोन-अडीच तास आणि पुढे बस. रेल्वेचं ‘ऑरेंज’ तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. या रस्त्यात ग्रेट बेल्टची सामुद्रधुनी लागते. गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते आणि मधल्या बेटावर वर येऊन पुढचं पाणी पुलावरून ओलांडते. डावी-उजवी कुठलीही खिडकी चालेल, फक्त मोबाइल बाजूला ठेवा. चलन क्रोनर आहे, युरो नाही. पण कार्ड सगळीकडे चालतं, रोख जवळ नसली तरी अडत नाही.

टूरच्या आधी एक मोकळा दिवस बिलुंडमध्ये ठेवाच. एक तर प्रवासाचा शीण जातो. दुसरं म्हणजे गाव पायी बघून झालं की पुढे दाखवलेल्या गोष्टी कुठे बसतात ते कळतं. मुख्य रस्त्यावर लेगोचे संस्थापक ओले कर्क ख्रिश्चनसेन यांचं १९२४ चं विटांचं घर आहे, दारात दोन सिंह. त्याआधीचं घर आणि कार्यशाळा जळाली ती त्यांच्याच लहान मुलांनी लाकडाचा भुसा पेटवल्यामुळे. पेशाने हे गृहस्थ सुतार. मंदीत घरबांधणीची कामं आटली तेव्हा १९३२ मध्ये ते लाकडी खेळण्यांकडे वळले. १९४२ मध्ये कारखाना पुन्हा जळाला, आणि १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचं गोदाम. त्या तिसऱ्या आगीनंतर लाकडी खेळणी कायमची बंद झाली आणि सगळा डाव प्लास्टिकच्या विटेवर लागला, जिचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. गावात फिरताना मला तरी असं वाटलं की या कंपनीचे सगळे मोठे निर्णय आगीच्या धुरातून बाहेर आलेत.

आता टूर. कार्यक्रम दर वर्षी थोडा बदलतो, पण कारखाना, संग्रह, डिझायनरांशी भेट आणि लेगो हाउस (विटांचं मोठं प्रदर्शन-घर) हे चार खांब सहसा कायम असतात. मुक्काम लेगोलँड या करमणूक उद्यानाच्या हॉटेलात. मार्गदर्शक आणि डिझायनर इंग्रजीत बोलतात, सावकाश आणि स्वच्छ. भाषेची धास्ती नको.

बिलुंडमधला कोर्नमार्केनचा कारखाना. सगळ्यांना वाटतं हाच कळस असणार. मला तो आवडला, पण आपण मनात रंगवतो त्यापेक्षा तिथला वेळ थोडा असतो आणि माणसं तर फारच थोडी दिसतात. आत शिरल्यावर पहिला लक्षात येतो तो आवाज: डोक्यावरच्या नळ्यांमधून एबीएस प्लास्टिकचे दाणे खेचले जातात, त्यांची सतत खडखड. सायलोतून निघालेले दाणे नळीने थेट मशीनच्या तोंडाशी येतात. तिथे दोनशे अंशांच्या बऱ्याच वर तापवून ते साच्यात दाबले जातात, काही सेकंदांत थंड होतात आणि साचा उघडला की विटा खालच्या खोक्यात पडतात. खोकं भरलं की मशीन निरोप देतं आणि चालकाविना फिरणारी गाडी ते उचलून रिकामं ठेवून जाते. एका मशीनसमोर उभा राहून मी हे बराच वेळ बघत होतो. साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या काही हजारांशांत मोजतात, म्हणून १९५८ ची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते आणि तरी लहान मुलाच्या बोटांना निघते. हे वाचलेलं असतं सगळ्यांनी. पण साचा उघडून मिटताना बघितल्यावर ते खरं वाटायला लागतं.

इथे फोटो काढायला मनाई असते, इतरही काही ठिकाणी. कॅमेऱ्यावर हात शिवशिवतील, म्हणून एक छोटी वही आणि पेन खिशात ठेवा. बंद बूट घाला, सैल ओढण्या टाळा. आणि प्रश्न तयार ठेवा. पण ‘विटा कशा बनतात’ असा प्रश्न नको, ते यूट्यूबवर आहे. आमच्या गटातल्या एका जर्मन बाईंनी विचारलं की पारदर्शक तुकड्यांना वेगळं प्लास्टिक लागतं, तर रंग बदलताना मशीन किती साफ करावं लागतं. उत्तर देणाऱ्या माणसाचा चेहरा असा खुलला, की पुढची दहा मिनिटं तो फक्त तिच्याशीच बोलत होता आणि आम्ही बाकीचे कान देऊन ऐकत होतो. सगळ्या टूरचं गमक मला यात दिसतं. वास्तू कुठे पळून जात नाहीत. या माणसांशी समोरासमोर बोलायची संधी मात्र एरवी मिळत नाही. जितका प्रश्न बारीक, तितकं उत्तर मोठं.

संग्रहाची खोली, जिला चाहते ‘व्हॉल्ट’ म्हणतात, तिथे जुन्या सेटच्या मूळ पेट्या वर्षांप्रमाणे रचून ठेवल्या आहेत. तिथे जायच्या आधी एक काम घरूनच करून जा: लहानपणीच्या आपल्या सेटचा क्रमांक शोधून ठेवा. आत गेल्यावर ‘तो किल्ल्याचा होता, पिवळा की राखाडी’ यात वेळ जातो. माझा मामा मस्कतला होता. त्याने आणलेला सेट ६०६७, १९८६ ची ‘गार्डेड इन’ ही सराय. मी क्रमांक सांगितला, मार्गदर्शकाने पेटी काढली. पेटीच्या झाकणावरचं चित्र मला पाठ होतं, कारण आमची पेटी फाटल्यावर आईने ते कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. या खोलीत मोठमोठे बाप्ये हुंदके देतात असं ऐकून होतो, त्यात अतिशयोक्ती नाही. आमच्याबरोबरचा एक अमेरिकन सरळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हा सेट २००१ मध्ये पुन्हा काढला होता, क्रमांक १००००, हे मार्गदर्शकाच्या आधी मी सांगितलं. थोडा मोठेपणा मिरवून घेतला. चालतं.

डिझायनरांबरोबर बांधणीची स्पर्धा असते: विटा दिलेल्या, वेळ आखलेला, विषय ऐन वेळी. एमओसी, म्हणजे स्वतःच्या डोक्याने मॉडेल, करणारे अनुभवी लोक इथे भलतंच मोठं काहीतरी सुरू करतात आणि अर्ध्यावर अडकतात. आपलं मॉडेल तळहातावर मावेल एवढंच ठेवा, त्यात एक हलणारी गोष्ट घाला आणि त्यामागे एका वाक्यात सांगता येईल अशी गोष्ट असू द्या. माझ्या बायकोने पावसात छत्री उलटी झालेली बाई बांधली. परीक्षक डिझायनर तिच्या टेबलाशी दोनदा येऊन गेले. मी बांधलेल्या रेल्वे इंजिनाबद्दल न बोललेलं बरं.

सहभागी लोकांना एक खास सेट मिळतो, दुकानात कधीही न येणारा. तो बाजारात भरमसाट किमतीला जातो आणि तेवढ्यासाठी येणारेही असतात. जेवणाच्या टेबलावर ते लगेच ओळखू येतात, कारण त्यांची नजर सारखी घड्याळाकडे असते. तुमचं तुम्ही ठरवा. मी माझा फोडला आणि बांधला.

चाहत्यांमध्ये देवघेवीची पद्धत आहे. नाव छापलेली वीट किंवा मिनिफिग (लेगोचा छोटा माणूस) एकमेकांना देतात. पुण्या-मुंबईत छोट्या वस्तूंवर छपाई करून देणारे आहेत, त्यांच्याकडून विटांवर नाव देवनागरीत छापून घ्या. माझ्या विटा पहिल्याच जेवणात संपल्या. अक्षरं कुठल्या भाषेची म्हणून लोक शोधत आले. थोड्या जास्तच न्या.

शाकाहारी असाल तर नोंदणीच्या फॉर्मवरच लिहा, सोय व्यवस्थित होते. लेगो हाउसमधल्या मिनी शेफमध्ये जेवण मागवायचं ते विटा जोडून. जोडलेल्या विटा टेबलावरच्या यंत्रात ठेवल्या की जेवण विटेच्या आकाराच्या डब्यात घसरगुंडीवरून खाली येतं आणि रोबो ते हातात देतात. चव ठीकठाक, पण डब्याकडे बघूनच पोट भरतं. एरवी राईचा काळा पाव, त्यावर बटाटा किंवा चीज. बॅगेत थेपले आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या, त्या पावाबरोबर ती चटणी फक्कड लागते.

खरेदीसाठी बॅग येताना अर्धी रिकामी आणा. लेगो हाउसच्या दुकानात काही सेट असे असतात जे दुसरीकडे मिळत नाहीत, २०२० मध्ये आलेला लाकडी बदकाचा सेट त्यातलाच होता. त्या बदकामागची गोष्ट तिथे ऐकायला मिळेलच: तीनऐवजी दोनच हात वॉर्निश देऊन पैसे वाचवले म्हणून खूश झालेल्या मुलाला, म्हणजे गॉडफ्रेडला, वडिलांनी सगळी बदकं स्टेशनवरून परत आणून तिसरा हात द्यायला लावला. मोठ्या पेट्या उघडून विटांच्या पिशव्या कपड्यांत भरा, पेटी चपटी करून तळाशी. डेन्मार्कमध्ये व्हॅट २५ टक्के आहे आणि युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशाला ३०० क्रोनरच्या वर एका दुकानातल्या खरेदीवर त्यातला काही भाग परत मिळू शकतो. दुकानात फॉर्म मागा. मात्र शिक्का युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर घ्यायचा असतो आणि माल दाखवावा लागू शकतो, म्हणजे बॅग चेक-इन करण्याआधी. बिलं हाताशी ठेवा, मुंबईत कस्टमवाल्यांनी विचारलं तरी उपयोगी पडतात.

सोडतीत नाव लागलं नाही तर? तरी जा. २०१७ मध्ये उघडलेलं लेगो हाउस कोणालाही तिकीट काढून बघता येतं. साठ लाखांहून जास्त विटांचा, पंधरा मीटरवर उंच वृक्ष जिन्याच्या मधोमध उभा आहे, तळघरात कंपनीचा इतिहास आहे आणि वर चाहत्यांनी बांधलेल्या मॉडेलचं दालन. साच्याचं यंत्र इथेही चालताना दिसतं आणि सहा लाल विटांची पिशवी फुकट मिळते. आठ स्टडच्या (वरच्या गोल उंचवट्यांच्या) अशा सहा विटा ९१ कोटी ५१ लाखांहून जास्त प्रकारे जोडता येतात, त्यातली एक जोडणी तुम्हाला कार्डावर छापून देतात. तळमजल्याचा चौक आणि पायऱ्यापायऱ्यांची गच्ची यांना तिकीटही नाही. लेगोलँड हिवाळ्यात बराच काळ बंद असतं, म्हणून दोन्ही बघायचं तर मे ते सप्टेंबर या काळात जा. लेगो हाउसही काही वारी बंद असतं. आधी त्यांचं कॅलेंडर बघा, मगच विमानाचं तिकीट काढा.