लंडनच्या चिखलात एक हंगाम

धावायला लागले ती चाळिशी ओलांडल्यावर, आणि तेही डांबरी रस्त्यावर. शनिवारी सकाळी पार्करन, म्हणजे बागेतली पाच किलोमीटरची फुकट धाव, वर्षातून दोन-तीन दहा किलोमीटरच्या शर्यती, एकदा हाफ मॅरेथॉन. मनगटावर घड्याळ, घड्याळात आकडे, आणि आकडा पाच-दहा सेकंदांनी खाली आला की आठवडाभर मी घरात सगळ्यांशी गोड बोलणार. जवळच्या क्लबात नाव घातलं तेव्हा फॉर्म भरून घेता घेताच कॅप्टनबाईंनी विचारलं, "हिवाळ्यात क्रॉस कंट्री पळशील ना?" मी हो म्हणून मोकळी झाले. लीगची, म्हणजे क्लबाक्लबांत हिवाळाभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेची, फी क्लब भरतो, आपण फक्त क्लबची बिनबाह्यांची जर्सी घालून हजर राहायचं. फुकट ते पौष्टिक.

आपल्याकडे क्रॉस कंट्री म्हटलं की कॉलेजच्या स्पर्धा आठवतात, नाहीतर सैन्य आणि पोलीस. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर आधी क्रॉस कंट्रीच पळायचा, स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, नंतर आली. म्हणजे हे काटक पोरांचं काम, अशीच माझी समजूत. इंग्लंडमध्ये मात्र ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दर काही शनिवारी कुठल्या तरी बागेत, माळावर किंवा रानात कॉलेजातल्या मुलींपासून सत्तरीच्या आजींपर्यंत सगळ्या एकाच रेघेवरून सुटतात. प्रकार जुना आहे. लंडनचा 'थेम्स हेअर अँड हाउंड्स' हा क्लब 1868 सालचा. 1876 मध्ये एपिंग फॉरेस्टमध्ये पहिली राष्ट्रीय शर्यत भरवली, तर धावणारे वाट चुकले आणि शर्यत रद्दच धरावी लागली. हे मला नवऱ्याने पहिल्या शर्यतीला जाताना गाडीत वाचून दाखवलं. धीर द्यायला की काय, कोण जाणे.

ती शर्यत लंडनच्या ईशान्येला, क्लेबरीच्या रानात होती. ऑक्टोबर कोरडा गेला होता, जमीन टणक, झाडं पिवळी, ऊन कोवळं. सहा किलोमीटरच्या आसपास अंतर, चढउतार बरेच. मी माझे नेहमीचे रस्त्यावरचेच बूट घालून पळले आणि चांगली मधल्या घोळक्यात आले. संध्याकाळी कऱ्हाडला फोन करून आईला ऐकवलं. हे तर सोपंच आहे, वर केक पण मिळतो, असा एकूण सूर. केकचं खरं होतं. प्रत्येक क्लबचा एक तंबू, शेजारी झेंडा, आत ताडपत्रीवर पिशव्यांचा ढीग आणि घरी केलेल्या पदार्थांचे डबे. मी शंकरपाळे नेले होते. पुरुषांची शर्यत सुटायच्या आत डबा रिकामा.

गुणांची भानगड मला त्याच दिवशी तंबूत समजावण्यात आली. क्रॉस कंट्रीत वेळेला कोणी विचारत नाही. कुठल्या नंबरावर आलात तेवढं महत्त्वाचं. आमच्या लीगमध्ये क्लबच्या पहिल्या चार बायकांचे नंबर मिळवतात, बेरीज जितकी कमी तितका क्लब वर. पुढच्या चौघी म्हणजे 'ब' संघ. ज्या कशातच बसत नाहीत त्यांचाही उपयोग असतो, कारण तुम्ही दुसऱ्या क्लबच्या एखादीला मागे टाकलंत की तिचा नंबर एकाने वाढतो, म्हणजे त्या क्लबची बेरीज फुगते. आमच्या क्लबातल्या एक निवृत्त परिचारिका, वय पासष्टच्या पुढे, दर शर्यतीला शेवटच्या दहांत असतात. त्यांनी मला सांगितलं, "मी कोणाला तरी एक गुण महाग पडते, तेवढ्यासाठी येते." मला हे फार आवडलं. पण तेव्हा वरवरच आवडलं होतं. डोक्यात अजून घड्याळच होतं.

नोव्हेंबरमध्ये पाऊस लागला. आपल्यासारखा धो धो नाही, दिवसभर नुसती रिपरिप, आणि ती पंधरा-पंधरा दिवस. लंडनच्या बऱ्याच भागाखाली चिकणमातीचा जाड थर आहे, पाचेक कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा गाळ. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि घरांच्या भिंतींना भेगा पाडते. हिवाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वरचं पाणी खाली जाऊ देत नाही. त्यावरून आधी मुलांच्या शर्यती होतात, मग आमची. आम्ही पळायला लागेपर्यंत वळणावळणांवर गवत संपलेलं असतं आणि गुळगुळीत, तपकिरी लगदा उरलेला असतो.

अलेक्झांड्रा पॅलेसची शर्यत टेकडीच्या उतारावर होती. वरून अख्खं लंडन दिसतं म्हणतात. मी पायाखालचं सोडून काही पाहिलं नाही. पहिल्याच उतारावर माझे रस्त्यावरचे बूट आडवे सरकायला लागले. चढावर एक पाऊल पुढे, अर्धं मागे. ज्यांच्या पायात खिळ्यांचे बूट होते त्या माझ्या दोन्ही बाजूंनी शांतपणे निघून गेल्या. दुसऱ्या फेरीत एका खोलगट जागी डावा बूट चिखलात रुतला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. मागून येणाऱ्या बाईने न थांबता ओरडून सांगितलं, "हात घालून ओढ!" कोपरापर्यंत हात घालून ओढला. बूट आला तो चिखलाने भरून. तसाच चढवला. दहा किलोमीटर रस्त्यावर मला छप्पन्न मिनिटं लागतात. इथे सहाला एक्केचाळीस लागली. घड्याळ मी गाडीत बसल्या बसल्या काढून ठेवलं.

त्याच संध्याकाळी आमच्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता. घरी जायला वेळ नव्हता, म्हणून एका पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहात तोंड, हात, गुडघे धुतले आणि पैठणी नेसले. फराळाच्या रांगेत एका मावशींनी माझ्या कानामागे बघत पदराने काहीतरी पुसलं आणि म्हणाल्या, "अगं, कुठून आलीस तू?" आईला शर्यतीनंतरचा फोटो पाठवला होता. तिचा फोन:

"पडलीस का काय?"

"नाही गं, पळले."

"मग अशी का दिसतेस?"

दुसऱ्या दिवशी खिळ्यांचे बूट मागवले. हे बूट म्हणजे पातळ, वजनाला काहीच नाहीत, आणि तळाला आट्यांची भोकं. त्यांत जमिनीप्रमाणे खिळे बसवायचे: कोरडं असेल तर 6 किंवा 9 मिलिमीटर, चिखलाला 12, अगदीच दलदल असेल तर 15. सोबत एक छोटा पाना येतो. खिळे बसवण्याआधी त्यांच्या आट्यांना व्हॅसलीन लावायचं, नाहीतर ते गंजून आत अडकतात आणि मग पक्कड आणूनही निघत नाहीत. परिचारिकाबाईंनी आणखी एक युक्ती सांगितली, बुटाभोवती तळपायाच्या मधोमध चिकटपट्टीचे दोन वेढे. त्यानंतर बूट कधी निघाला नाही.

आणि मग डिसेंबर. नवे बूट, नवा हुरूप, आणि शर्यतीत नाही तर साध्या बुधवारच्या सरावात, रानातल्या पायवाटेवर पानांखालच्या मुळावर पाय पडला आणि घोटा आतल्या बाजूला वळला. आवाज मला ऐकू आला. घरी पोहोचेपर्यंत घोट्याचं वांगं झालं होतं, संध्याकाळी रंगसुद्धा तसाच. हाड शाबूत होतं, अस्थिबंध ताणलेला. डिसेंबरची शर्यत गेली. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून. मी दात घासताना सकाळ-संध्याकाळ बगळ्यासारखी उभी. सुरुवातीला दहा सेकंदांत बेसिन धरावं लागायचं. नवरा शेजारून जाताना हळूच धक्का द्यायचा, सरावाच्या नावाखाली. त्या दिवसांत माझी चिडचिड पायापेक्षा जास्त सुजली होती. बाहेर चार वाजता अंधार, पळणं बंद, आणि व्हॉट्सअॅपवर क्लबच्या बायकांचे चिखलात माखलेले हसरे फोटो. मी तो ग्रुप म्यूट करून टाकला.

जानेवारीची शर्यत वर्मवुड स्क्रब्जला. पश्चिम लंडनमधला मोठा सपाट माळ, कडेला तुरुंग. मी हळूहळू पळायला लागले होते, पण शर्यतीचा विचार नव्हता. शुक्रवारी रात्री कॅप्टनबाईंचा फोन आला. फ्लूने अर्धा क्लब झोपला होता, तिघीच उरल्या होत्या. चौथी नसेल तर संघ धरतच नाहीत, आणि आम्ही आधीच तक्त्याच्या तळाशी. "चाललीस तरी चालेल," त्या म्हणाल्या, "फक्त शेवटची रेघ ओलांड."

घोट्याला पट्टी बांधून, 15 चे खिळे लावून उभी राहिले. माळ सपाट म्हणून सोपा वाटतो, पण पाणी जायला जागाच नाही, सबंध माळावर घोटाभर तळी. पाणी इतकं गार की पहिल्या पाच मिनिटांनंतर पाय आहेत हेच कळेना, त्यामुळे दुखणंही कळेना. ही एक सोय झाली. मी मागून चालू लागले, म्हणजे पळतच होते, पण तसं दिसत नसावं. शेवटच्या फेरीत पुढे हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या जर्सीतली एक बाई दिसली. कडेने आमच्या पुरुषांच्या संघातलं कोणी तरी ओरडलं, "ती त्यांची चौथी आहे!" तक्त्यात आमच्या लगेच वरचा क्लब तो.

आता सांगायला हसू येतं, पण त्या क्षणी जगात दुसरं काही नव्हतं. तिची पोनीटेल, त्यावरचा चिखलाचा एक गोळा, प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे हलणारा. एका मोठ्या तळ्याला ती वळसा घालायला गेली आणि मी सरळ त्यातून गेले. बाहेर आले तेव्हा मी पुढे. शेवटचे दोनशे मीटर मागून तिचा श्वास ऐकू येत होता. दोऱ्या बांधलेल्या शेवटच्या बोळाच्या तोंडाशी तिने खांदा पुढे घातला आणि गेली. एका नंबराने हरले. बोळात एकामागे एक उभं राहायचं असतं, नंबर टिपून घेईपर्यंत ओळ मोडायची नाही, त्यामुळे पुढचं मिनिटभर मी तिच्या पाठीला जवळजवळ टेकूनच उभी होते. ती वळून म्हणाली, "ते तळं! मी विचारच केला नव्हता." मग तिने आमच्या तंबूत येऊन चहा घेतला आणि दोन बेसनाचे लाडू खाल्ले.

फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धा. ती त्या वर्षी हॅम्पस्टेड हीथवर, पार्लमेंट हिलला होती. राष्ट्रीय म्हटल्यावर निवड वगैरे असेल असं वाटतं, पण क्लबने नाव दिलं की कोणीही पळू शकतं. पुढच्या रांगेत देशातल्या उत्तम धावपटू, मागच्या रांगेत मी. बायकांना 8 किलोमीटर, पुरुषांना 12. सुरुवातीची रेघ भलीमोठी रुंद, प्रत्येक क्लबला त्यात एक खण, आणि समोर सरळ चढ. बंदूक वाजली की शेकडो बायका एकदम त्या टेकडीवर तुटून पडतात. ते दृश्य एकदा बघण्यासारखं आहे, कडेला उभं राहून. हीथवर वरच्या भागात वाळू आणि खाली चिकणमाती. वाळूतून झिरपलेलं पाणी मातीच्या थराला अडून उताराच्या मध्यावरच बाहेर पडतं, म्हणून तिथे तळी आहेत आणि म्हणूनच भर चढावर गुडघाभर चिखल. खरं सांगायचं तर मला स्क्रब्ज जास्त आवडलं. इथे चौघी मोजतात त्या आमच्या चार पोरी केव्हाच पुढे गेल्या होत्या. माझ्यामागेही बऱ्याच होत्या, पण कोण कोणाची चौथी, कळायला मार्ग नव्हता. गर्दी, गोंगाट, घोटा ठणकतोय. परतताना नवऱ्याने आणखी एक माहिती पुरवली: 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर जुलैच्या उन्हात क्रॉस कंट्री ठेवली होती, 38 जण सुटले आणि 15च पोहोचले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी जिंकला, पण त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकमधून काढला तो काढलाच. "तू तर पोहोचलीस," तो म्हणाला.

लीगचा अंतिम तक्ता मार्चमध्ये आला. तळाचे दोन क्लब खालच्या विभागात जातात. आम्ही खालून तिसरे. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या आमच्या वर एका जागेवर.

इकडे राहणाऱ्या कोणाला यायचं असेल, तर सप्टेंबरमध्येच क्लबात नाव नोंदवा, कारण इंग्लंड अॅथलेटिक्सची नोंदणी झाल्याशिवाय बऱ्याच लीग पळू देत नाहीत. बूट अर्धा नंबर घट्टच घ्या. दोन टॉवेल लागतात, एक पायांना आणि एक आडोशाला. चिखलाचे बूट घरी आल्यावर लगेच गार पाण्याने धुवायचे आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. हीटरवर ठेवलेत तर तळ सुटतो. जर्सीवर लावायच्या नंबराच्या कागदाला चार पिना लागतात. आठ न्या, कोणीतरी विसरलेलंच असतं.