तुम्ही विचारलंत म्हणून: गावाहून एवढं ओझं कशाला आणता?

दादरला सगळं मिळतं, हे मला माहितीये. आमसुलं मिळतात, आगळ मिळतं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, तिरफळं, सोडे, सगळं मिळतं, आणि नारळ तर आता फोनवर मागवला की दहा मिनिटांत दारात येतो. तरी मे महिन्यात आणि गणपतीहून परतताना मी एक गोणी, दोन पिशव्या आणि वर दोरीने बांधलेला खोका असं सगळं घेऊन कोकणकन्येतून पहाटे ठाण्याला उतरते. गाडी तिथे जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते, त्यात आधी गोणी ढकलायची मग आपण उतरायचं, मग लोकलने भांडुप, आणि बिल्डिंगच्या गेटपासून तुमचं सुरू होतं. एवढं ओझं कशाला आणता हो? शेजारणी विचारतात, ऑफिसात विचारतात, माझा मुलगा तर रिक्षातून गोणी उतरवतानाच विचारतो. प्रत्येकाला काहीतरी बोलून वाटेला लावते, पण खरं सांगायचं तर आजवर कुणालाच नीट उत्तर दिलेलं नाही.

आधी मी सांगायचे, चव वेगळी असते. वर्षानुवर्षं हेच सांगितलं आणि फार ठासून सांगितलं. आता तेवढ्या ठामपणे नाही सांगता येत. मसाल्याचंच घ्या. आमच्या मसाल्याला रंगासाठी बेडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी. बेडगी म्हणजे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, दोन्ही मिरच्या घाट उतरून कणकवलीच्या बाजारात येतात आणि तिथून आमच्या घरी. म्हणजे ज्याला मी गावचा मसाला म्हणून मिरवते त्यातली मुख्य वस्तू गावात पिकतच नाही. त्याच मिरच्या लालबागच्या मिरची गल्लीत येतात, तिथे चैत्र-वैशाखात बायका धणे, बडीशेप, दगडफूल, सगळं आपल्या डोळ्यांसमोर भाजून कुटून घेतात, आणि तो मसालाही उत्तमच होतो. आमसुलांचंही तेच. एकदा घरातली संपली म्हणून मिस्टरांनी दादरहून आणलेल्या आमसुलांची सोलकढी केली, मला न सांगता. मी दोन वाट्या प्यायले आणि काही म्हटलं नाही, कारण म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

तिरफळांचं मात्र मी ऐकून घेणार नाही. तिरफळाचं वाळलेलं टरफल उकललेलं असतं, आत काळी चकचकीत बी असते, ती बी काढून टाकायची, वास सगळा टरफलात. पाकिटात निम्म्या बिया तशाच असतात आणि तिखल्यात बांगड्याबरोबर दाताखाली कचकन येतात. वहिनी ती एकेक उकलून, बी झटकून, जुन्या बिस्किटाच्या डब्यात भरून देते. टरफलं जराशी चेचून रसात टाकली की जिभेवर जी मुंगी येते ती त्या डब्यातल्या तिरफळांनी येते, पाकिटातल्यांनी मला तरी आलेली नाही.

आणि हे ओझं शोभेला नसतं. मी रात्री साडेआठला घरी येते, त्या वेळी काय शिजवणार? लसूण ठेचून फोडणीला, मिरची, थोडा कांदा, पाणी, दोन आमसुलं, कुळथाचं पीठ गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून ओतायचं आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहायचं. भात कुकरला लागलेला असतोच, पिठी-भात आणि वर भाजलेला सुका बांगडा, जेवण तयार. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात मिळतो तो बहुतेक बर्फातला नाहीतर बाहेरून आलेला मासा, त्याच्या भावाला हात लावता येत नाही, ते दोन महिने आमच्या घरात गोणीतल्या सुकटीवर आणि सोड्यांवर निघतात. तेव्हा हौस म्हणून आणता का असं विचारलंत तर मला राग येतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईचं आठवड्याचं जेवण या गोणीवर चाललेलं असतं.

हे पूर्वीपासून असंच आहे. माझे बाबा गिरणीत होते, गाववाल्यांच्या गाळ्यात राहायचे, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं आणि जेवायला खानावळ. माझ्या सासूबाई लालबागला अशीच खानावळ चालवायच्या. प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांना एकत्र करून, बँकेचं कर्ज मिळवून द्यायला, नाहीतर त्या सावकाराकडून व्याजाने पैसे घेऊन वाणसामान भरायच्या. सासूबाई सांगायच्या की जेवायला येणारे गावाहून परतले की कुणी तांदूळ आणून देई, कुणी आमसुलं, कुणी पायलीभर कुळीथ, आणि ते सगळ्यांच्या ताटात जाई. उलट दिशेने मनीऑर्डर जायची. बाबांची मनीऑर्डर आली की आई पोस्टमनला चहा द्यायची आणि मुंबईला जाणारं कोणी असेल त्याच्याकडे बाबांसाठी गाठोडं द्यायची. मग १९८२ चा संप झाला, बाबा गावी परतले ते कायमचेच.

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी मुंबईला आले तेव्हा आई होती. आईने गोणी भरायची, मी न्यायची, यात विचारायचं काय? तेव्हा एसटीने यायचो, रातराणीच्या टपावर गोणी टाकायची आणि पहाटे परळला उतरलं की आपली ओळखून काढायची. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तसं ओझं अजून वाढलं. आई गेल्यावर गोणी वहिनी भरू लागली. मला त्यात काही बदललं असं वाटलंच नाही.

मग एका मे महिन्यात मी गेले तेव्हा वहिनी खळ्यात रातांबे फोडत बसली होती. रातांबा फोडायचा, बिया आणि गर एका बाजूला, साल दुसऱ्या बाजूला. मग गराच्या रसात मीठ घालून त्यात साली भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी परत त्याच रसात, दुसऱ्या दिवशी परत उन्हात, अशी पाच-सहा पुटं चढली की त्याचं आमसूल. लहानपणी मीही केलंय, म्हणून मला वाटायचं मला माहितीये. तिची बोटं जांभळी-काळी झाली होती, नखांच्या कडांना चिरा पडल्या होत्या आणि त्या आंबट रसाने झोंबत असणार, कारण ती मधूनच हात झटकत होती. माझी गोणी पडवीत उभी होती, पंचवीस नारळ, मसाल्याची बरणी, तांदूळ. मी सहज म्हटलं, वहिनी, आमसुलं या वेळी दोन किलो द्या, शेजारणींनापण हवीत.

ती मान वर न करता म्हणाली, "वन्सनू, तुमका थंय सगळा गावता मा? मगे हयसून कित्याक व्हरतास?"

तुमचाच प्रश्न, तिथे सगळं मिळतं ना, मग इथून कशाला नेता. भांडुपच्या गेटवर ऐकला तर मी हसून सोडून देते. तोच माझ्या बापाच्या खळ्यात ऐकला आणि मला एकदम काही सुचेना. मी म्हटलं, असं काय म्हणता, आई पण द्यायची की. तर ती म्हणाली, आईच्या वेळेला माडावर चढायला घरचा माणूस होता, आता प्रत्येक माडामागे पैसे मोजावे लागतात आणि तरी तो माणूस सांगितलेल्या दिवशी येत नाही. निम्मे शहाळ्याचे नारळ वानर पाडतात. आमसुलांना गिऱ्हाईक घरी येतं. हे सगळं ती अगदी सावकाश बोलली, आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त लागलं. भाऊ तिथेच पंपाचा पाईप जोडत होता, त्याने एक शब्द काढला नाही. मी वाट बघत होते की तो म्हणेल, असूंदे गे. नाही म्हणाला.

मी आत गेले, पर्स आणली आणि म्हटलं, सांगा किती झाले. मला वाटलं होतं ती लाजेल, नको नको म्हणेल, मी बळजबरीने हातात कोंबीन आणि विषय तिथेच मिटेल. तिने हात पदराला पुसले, नारळ बाजारभावाने, आमसुलं, मसाल्याच्या मिरच्यांचे पैसे, असा तोंडी हिशेब केला, मी दिलेल्या नोटा मोजल्या, आत गेली आणि वरचे सुटे पैसे आणून माझ्या तळहातावर ठेवले.

ते सुटे पैसे. पैसे घेतले त्याचं मला काही नाही, घेतलेच पाहिजेत असं मी आज स्वतः म्हणेन. पण सुटे परत दिले म्हणजे व्यवहार पुरा झाला, देणं-घेणं काही उरलं नाही. दुकानदार सुटे परत देतो. त्या रात्री स्टेशनवर भावाने मुकाट्याने गोणी डब्यात चढवून दिली आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभा राहिला. मी खिडकीतून त्याला विचारणार होते की तू का नाही बोललास. नाही विचारलं. कणकवली ते ठाणे मला झोप लागली नाही, सारखं डोक्यात हेच, की मी हक्क सोडला त्याचं काय.

हे तुम्हाला सांगितलेलं नाही. बाबा गेल्यावर आम्ही हक्कसोडपत्र केलं, मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन अंगठे, फोटो, सह्या, सगळं रीतसर. कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, २००५ च्या दुरुस्तीपासून तर देशभर, हे मला तेव्हाही माहीत होतं. कुणी जबरदस्ती केली नाही. आमच्याकडे बहिणी सोडतात, तशी मीही सोडली, आणि मनात धरून चालले की जमीन भावाची, माहेर माझं. सातबाऱ्यावर नाव नसलं म्हणून काय, माडावरचे चार नारळ तर माझे आहेतच. हे कुणी बोललं नव्हतं, लिहिलं तर नव्हतंच. ते चार नारळ मोजून, भाव लावून मला विकले तर मग मी सही कशावर केली?

असं मी स्वतःशी भांडते, आणि मग दुसरी बाजू पण मीच मांडते. वहिनीने कशावर सही केली होती? तिला कुणी विचारलं होतं का की नणंदेची गोणी तू जन्मभर भरायची? बाबांच्या गाठोड्याला कुणी हिशेब लावला नाही कारण त्यांची मनीऑर्डर दर महिन्याला येत होती. माझ्याकडून काय जात होतं? दिवाळीला साडी, मुलांना कपडे, मुंबईचा फरसाण. जमीन असून उपयोग काय जर त्यावर राबणारं माणूस एकच असेल, आणि ते माणूस म्हणजे ती. एवढं सगळं मला कळतं. तरी सुट्यांचं दुखणं कमी होत नाही, आणि ते कमी व्हावं असं मला वाटतं की नाही तेही सांगता येत नाही.

तर मी अजून आणते. पैसे देऊन आणते, बाजारभावाने, कधी थोडे वरही देते आणि वहिनी वरचे परत करते. मुलगा म्हणतो, मग फरक काय आई, विकतच घ्यायचं तर दादर काय वाईट, तिकीट आणि हमालीसकट हिशेब केलास तर गावचा नारळ तुला दुपटीने पडतो. त्याचा हिशेब बरोबर आहे. पण दादरच्या दुकानात मी आमसुलं घेताना कुणी मला सांगत नाही की या वर्षी परसातल्या मोठ्या रातांब्याला कमी धरलं, किंवा विहिरीजवळचा माड वाऱ्याने गेला. वहिनी सांगते. पैसे मोजता मोजता सांगते. मी ते ऐकण्यासाठी पैसे देते असं तुम्ही म्हणाल, म्हणा. मी आणायचं बंद केलं तर त्या घरात जायला मला कारण काय उरेल? नुसतं भेटायला म्हणून जायचं, चार दिवस पाहुणीसारखं राहायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं, ते मला जमणार नाही. आईच्या घरातून रिकाम्या हाताने निघणं मला माहीत नाही.

तुम्हाला आमसुलं हवी असतील तर दादरला जा, मी दुकान सांगते, ताजी असली की बोटाने दाबल्यावर मऊ लागतात आणि मिठाची पांढरी पूड फार दिसत नाही, तेवढं बघून घ्या. माझ्याकडे आता शेजारणींसाठी जादा मागू नका, ते मी बंद केलंय.

परवा वहिनीचा मेसेज आला, मेमध्येच पाऊस लागला त्यामुळे आमसुलं नीट वाळली नाहीत, कमीच झालीत, तुम्हांला किती ठेवू ते सांगा. मी एक किलो म्हणून कळवलं. पैसे आधी पाठवायचे की तिथे आल्यावर द्यायचे, ते तिनेही लिहिलं नाही आणि मीही अजून विचारलेलं नाही.