सोमवारपर्यंत सोडू नका

शुक्रवार, रात्री साडेनऊ

आज शेवटी मानसिक विभागाच्या डॉक्टरांपुढं कन्नडमधून कबूल केलं. "कुडियोदु बिडाक आगवल्दु, सर." प्यायचं सुटत नाही. हे वाक्य मराठीत माझ्या तोंडून आजवर पुरतं बाहेर पडलेलं नाही. मराठीत म्हणायला गेलो की मागं वडील येऊन उभे राहतात, आई येते, गल्लीतली भजनी मंडळी येतात. कन्नड मी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर शिकलो, शिव्या आणि हिशेबासकट. त्या भाषेत मला कुणी लहानपणापासून ओळखत नाही.

मंगळवारी आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. भाचा कोल्हापुरात औषधाच्या दुकानात असतो, त्यानं एका चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून दिलेलं, नाल्ट्रेक्सोन. म्हणाला, "मामा, ही काय नवीन भानगड नव्हे, अमेरिकेत दारूसाठी 1994 पासून देतात. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही." आठ दिवस ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरलो. डॉक्टरांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे, तुझे वडील माळकरी. आणि तू गोळ्या मागायलास? मन घट्ट कर. माळ घाल, आपोआप सुटेल." मी "होय डॉक्टर" म्हणून उठलो. माझी बीपीची गोळी गेली सहा वर्षं तेच लिहून देतात. बीपीला त्यांनी कधी मन घट्ट करायला सांगितलं नाही. अर्थात हे मला जिना उतरल्यावर सुचलं. मला सगळं जिना उतरल्यावरच सुचतं.

माळ मी घातली होती. दोन वर्षांपूर्वी, आषाढीला. त्या दिवशी एकदम बंद, थेंब नाही. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले की चहाची बशी वाजत होती. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसल्या. हजारो, खालून वर रांगा. मी चादरीनं पुसत होतो आणि ही दिवा लावून सांगत होती की भिंतीवर काही नाही ओ. आई म्हणाली बाहेरचं झालं. पहाटे मी माळ काढली, वडिलांच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली आणि मागच्या गल्लीतून दारूचं नव्वद मिलीचं पाकीट आणलं. फळांच्या रसासारखं असतं ना, कागदी, तसलं. ते पोटात गेल्यावर अर्ध्या तासात हात थांबले. घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला: ह्याला देवसुद्धा नको झालाय. मीही तोच काढला.

आजच्या मानसिक विभागाच्या डॉक्टरांनी ती मुंग्यांची गोष्ट दोनदा विचारली. कितव्या दिवशी? ताप होता? फिट आली होती? रोज किती? मी म्हटलं दोन क्वार्टर, म्हणजे तीनशे साठ, शिवाय सकाळी कामावर जाताना तिसऱ्या गेटपाशी एक नव्वद. ते नव्वद मजेसाठी नसतंय. त्याच्याशिवाय मायक्रोमीटर धरता येत नाही. पॉइंट झिरो टू मिलिमीटरचा टॉलरन्स, तेवढीच चूक चालते आणि स्पिंडलपेक्षा माझाच हात जास्त फिरतो. डॉक्टरांनी हे लिहून घेतलं. मग मोडक्या मराठीत म्हणाले, "मुंगी म्हणजे देवाचं नाही, बाहेरचं नाही. दारू एकदम तुटली की मेंदू असं करतो. दोन-तीन दिवसांनी. माणूस मरतो कधी कधी."

मी गप्प बसलो. दोन वर्षं मी ज्याला माझा नालायकपणा समजत होतो, ते आजाराचं लक्षण निघालं.

मग चिठ्ठी पुढं केली. हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, देऊया, पण पहिली ती नव्हे. आधी आठ दिवस ॲडमिट. थरथर आणि फिट येऊ नये म्हणून दुसऱ्या गोळ्या, रोज कमी कमी करत. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. लिव्हरची तपासणी. ती बरी आली तर नाल्ट्रेक्सोन, आधी अर्धी, मग पन्नासची एक, रोज. लिव्हर फारच बिघडलेली असली तर वेगळी गोळी. ही गोळी काय करते ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मी माझ्या धंद्यातून समजून घेतलं. दारूची मजा मेंदूतल्या ज्या बोअरमध्ये, म्हणजे भोकात, बसते, तिथं ही आधीच डमी पिन घालून ठेवते. खरी पिन आली तरी जागा नाही. प्यायलं तरी ती मजा येत नाही म्हणे, आणि मग ओढही हळूहळू कमी होते. ह्या गोळीवर प्यायलं तर हाल होत नाहीत. उलट्या आणि धडधड होते ती गोळी वेगळी, डायसल्फिराम.

त्या नावावर ही एकदम पुढं सरकली. "ती चहातून देता येईल काय, ह्यांना न सांगता?" भिंतीवरच्या जाहिराती वाचून डोक्यात घेतलेलं असणार. डॉक्टर पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. नाही. ह्यांना माहीत नसलं आणि वरून हे प्यायले, तर हृदयावर येईल. ही पदर तोंडाला लावून बसली. मला तिचा राग नाही आला. पंधरा वर्षं दुसरा उपायच कुणी सांगितला नव्हता तिला.

एक गोष्ट मी जवळजवळ लपवणारच होतो. पाठीसाठी मी ट्रामाडॉल घेतो. उद्यमबागेत निम्मे टर्नर घेतात, दिवसभर उभं राहून कमरेची वाट लागलेली असते. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या विचारल्या तेव्हा मी "कधीतरी" म्हटलं. ही म्हणाली, रोज. ट्रामाडॉल त्याच बोअरमधली पिन निघाली. ती आजपासून बंद, आणि सात ते दहा दिवस गेल्याशिवाय नाल्ट्रेक्सोन नाही, नाहीतर अंग मोडून उलट्या सुरू होतील. बरं झालं बायको बरोबर होती.

आता कारखान्यात काय सांगायचं ते ठरायचंय. आठ दिवसांच्या सर्टिफिकेटवर डॉक्टर काय लिहितील ते विचारायचं राहिलं. काविळीचं सांगू म्हटलं तर लोक म्हणतील, दारूनंच झाली असणार. खोटं सांगूनही तिथंच.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, सोमवारी सकाळी ॲडमिट व्हायचं, तोपर्यंत घरी एकदम बंद करायचं नाही. वाढवायचंही नाही. मी तीनदा विचारून घेतलं. बायकोला कन्नड नीट कळत नाही म्हणून मराठीत परत सांगायला लावलं, नाहीतर घरी तिला वाटायचं मीच बनवून सांगायलोय.

आत्ता स्वयंपाकघरातून कात्रीचा आवाज आला. जिनं आजवर माझी पाकिटं मोरीत ओतली, ती आज स्वतः पाकिटाचा कोपरा कापून स्टीलच्या वाटीत ओतत्येय. जास्त पडतंय का, वाकून बघत.