गोळी किडनीसाठी कशी?

“बीपी तर आता नॉर्मल आहे, मग ही गोळी किडनीसाठी कशी?” औषधाच्या दुकानात शेजारी उभ्या असलेल्या मधुमेही काकांनी आज लोसार्टन या बीपीच्या गोळीची स्ट्रिप उलटसुलट करत विचारले. “डॉक्टरांनी दिलीय ना, चालू ठेवा,” एवढेच उत्तर त्यांना मिळाले आणि ते मला दिवसभर अपुरे वाटत राहिले.

खरे उत्तर बॅरी ब्रेनर या अमेरिकन संशोधकाच्या कारकिर्दीत आहे. मूत्रपिंडातील गाळण्या, म्हणजे केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुंते, एरवी आत दडलेले असतात. म्युनिक-विस्टार जातीच्या उंदरांत मात्र त्यांपैकी काही पृष्ठभागावरच असतात. तिथे केसाहून बारीक काचेची सुई टोचून ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९७१ च्या सुमारास आतला दाब थेट मोजला. काही गाळण्या निकामी झाल्या, की उरलेल्यांवर हा दाब वाढतो आणि तोच त्यांनाही हळूहळू संपवतो, हे त्यांच्या पुढच्या कामातून दिसले. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी लोसार्टनमुळे सैल होते आणि आतला दाब उतरतो.

पुढे २००१ मध्ये ब्रेनर यांच्याच नेतृत्वाखाली, मूत्रपिंड बिघडू लागलेल्या १,५१३ मधुमेही रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचा धोका लोसार्टनमुळे २८ टक्क्यांनी घटला होता, आणि हा फायदा केवळ रक्तदाब उतरल्याने मिळेल त्याहून अधिक होता. काकांना हवे होते ते हेच.

हाती गोळी येईल याची कोणतीही शाश्वती नसताना उंदराच्या गाळणीतला दाब मोजत बसणाऱ्या तरुण संशोधकाला आज आपल्याकडे निधी कोण देईल?