मानेपासून सुरुवात

गुरुजींची कुत्री राणी, तिच्या खाकेत टाके पडले त्याला आता तीन आठवडे झाले. टाके निघाले, जखम कोरडी आहे, गुरुजी मला एका शब्दानंही बोलले नाहीत. तरी रोज सकाळी दुकान उघडलं की मी कात्र्या ओळीनं मांडतो आणि त्या दिवशीचा एकेक तास पुन्हा मोजतो.

मी वरूडला कुत्र्यांचे केस कापतो. वडिलांचं सलून पुढे, माझं टेबल मागच्या खोलीत. कात्री धरायला त्यांनीच शिकवलं, कंगव्यावर कात्री चालवायला सातवीत असतानाच. बाकीचं नागपूरला दोन वर्षं एकाच्या हाताखाली राहून शिकलो. संत्र्याला भाव मिळाला की तालुक्यात नवे ट्रॅक्टर येतात आणि मागोमाग हस्की येतात. पंचेचाळीस अंशांच्या गावात बर्फातलं कुत्रं आणणाऱ्याचा मला राग येतो, आणि विकणाऱ्याचा त्याहून जास्त. पण माझं निम्मं काम आजही घरोघरच्या पांढऱ्या स्पिट्झचं आहे. सगळे त्याला पामेरियनच म्हणतात. राणी त्यातलीच, अकरा वर्षांची.

माणसाचे केस कापणाऱ्याला कुत्र्याचे कापता येतात, असं वडिलांनाही वाटायचं. माणसाच्या टाळूवर एका छिद्रातून एखाददोन केस निघतात. कुत्र्याच्या एका छिद्रातून एक राठ केस आणि त्याच्याभोवती मऊ केसांचा झुबकाच निघतो. कातडी मात्र उलट, आपल्याहून कितीतरी पातळ आणि अंगाला सैल. चिमटीत धरली तर वर येते. म्हणून कात्री जातीचं नाव ऐकून काढायची नसते. आधी पाची बोटं केसांत घालायची, मुळापर्यंत न्यायची, आत लोकर आहे की नाही, किती दाट आहे, कुठं अडते, ते बघायचं.

शिह त्झू, ल्हासा यांना आत लोकर फारशी नसते, केस आपल्यासारखे वाढतच राहतात. त्यांना सरळ, लांब, अतिशय तेज कात्री लागते, कारण रेशमी केसावर प्रत्येक कापाची रेघ दिसते. पूडलचे कुरळे केस उभे राहतात, त्याला गोलाई द्यायला वाकडी कात्री. लॅब्रॅडॉरला कात्रीच लागत नाही. लोक घेऊन येतात, मी ब्रश फिरवून, पायाच्या गाद्यांमधले केस काढून परत पाठवतो, आणि पैसे कमी घेतले तरी ते नाराज होतात, काही कापलंच नाही म्हणून. स्पिट्झ, जर्मन शेफर्ड, गोल्डन यांना दोन थर असतात. वर राठ केस, खाली लोकर. त्यांच्यावर सरळ कात्री चालवली की पायऱ्या पडतात, पेरणीत तास सुटल्यासारख्या. तिथं थिनिंग कात्री. एका पात्याला धार, दुसऱ्याला चाळीसच्या वर दात. एका घासात ती थोडेच केस घेते, बाकीचे सोडते, म्हणून कापल्याची खूण राहत नाही. पंजा, तोंड, कानामागं, खाक इथं साडेचार इंचाची, टोकाला गोळी असलेली. टोक कातडीला लागलं तरी घसरतं, टोचत नाही.

या साडेचार इंचीबद्दल सांगायलाच हवं.

माझी होती ती ४४०सी पोलादाची. त्यात कार्बन साधारण एक टक्का, क्रोमियम सोळा ते अठरा टक्के, म्हणून धार महिनोन्‌महिने टिकते. पात्याची आतली बाजू किंचित पोकळ आणि बाहेरची फुगीर, धारेपर्यंत एकसंध गोलाई. अशी कात्री केस कापताना आवाज करत नाही. वडील म्हणायचे, कात्री बोलाया लागली की तिले धार पाह्यजे. ती बोलायला लागली म्हणून मी मार्चमध्ये एसटीच्या पार्सलनं शहरात धारवाल्याकडे पाठवली. चिठ्ठी सोबत दिली होती की धार फुगीर आहे, चाकावर धरू नका. आली ती आरशासारखी चकचकीत. बाहेरची गोलाई घासून सपाट उतार पाडला होता आणि पातं तापल्याचा पिवळसर डाग टोकाशी राहिला होता. एवढं तापलं की पोलादाचा कडकपणा जातो, पुन्हा येत नाही. मी कापूस ओला करून त्याचा पातळ थर पात्यांत धरला. चांगली कात्री तो अलगद दोन करते. हिनं तो दुमडून दोन पात्यांच्या मध्ये ओढून घेतला. केसांचंही तेच करणार. पेच आवळला, सैल केला. एक कडं धरून दुसरं पातं उभं सोडलं की ते अर्ध्या वाटेत थांबायला हवं, तेवढा ताण बरोबर केला. धार नव्हती ती नव्हतीच. त्या माणसानं पैसे घेतले, चिठ्ठी वाचली नाही. नवी मागवायची मी पुढे ढकलत गेलो. एप्रिलमध्ये खोलीला कूलर घेतला होता.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. अक्षय तृतीयेला चार दिवस होते. सकाळी नऊला ऑटोतून राणीला घेऊन आले.

"बाबू, हिले पार भादरून टाक. अक्षय तृतीयेले पोरगी येऊन राह्यली. हे असं ध्यान पाह्यलं त मले सोडणार नाई."

दर रविवारी राणीला विंचरायची ती मुलगी. डिसेंबरात तिचं लग्न झालं, ती अमरावतीला गेली आणि कंगवा खुंटीला राहिला. गुरुजींनी घरच्या शिवणाच्या कात्रीनं, जुनी जड मेरठची, एक जट कापायचा प्रयत्न केला होता. राणी गुरगुरली म्हणून थांबले. राणी गुरगुरली नसती तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. कापडाच्या कात्रीनं फाटलेल्या कातडीची कुत्री माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात.

मी हात घातला. पाठीवर, मानेवर लोकर दाटलेली होती, पण कंगवा मुळापर्यंत जात होता. कानामागं, दोन्ही खाकांत आणि मांडीच्या आतल्या घडीत केस गुंतून, चेपून लोकरीच्या जाड कापडासारखा नमदा झाला होता. पायाच्या बोटांत कुसळं आणि तीन गोचीड. मी गुरुजींना सांगितलं, "गुरुजी, जटा काढतो, पण पाठ नाई भादरत."

"काहून? गरम नाई होत का तिले?"

हे मी दिवसातून चार वेळा सांगतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि गार होतं. अंगावरचे दोन थर मोकळे, विंचरलेले असतील तर त्यांच्यात हवा राहते आणि ऊन कातडीपर्यंत पोचत नाही. त्रास केसांचा नसतो, जटांचा असतो. आणि स्पिट्झचे केस एकदा मुळाशी भादरले की ते कधी येतात, कधी येतच नाहीत. चार वर्षांपूर्वी मालकाच्या आग्रहाखातर मी एक भादरला होता. दीड वर्ष त्याची पाठ काळी, उघडी राहिली, आणि गावातली पोरं त्याला पाहून दगड मारायची. शहरात 'समर कट' म्हणून सगळ्यांना एकच मशीन लावणारे आहेत. त्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. वीस मिनिटांत कुत्रं टेबलावरून उतरतं, एवढंच.

गुरुजी ऐकून म्हणाले, "तुह्या हाताले कळते बाबू, तू कर." आणि पुढच्या सलूनमध्ये पेपर वाचत बसले.

मी मानेपासून सुरुवात केली.

स्पिट्झच्या मानेभोवती जी झूल असते ती त्या कुत्र्याचं रूप असतं. आधी मक्याचं पीठ शिंपडून गुठळ्या बोटांनी फोडल्या, मग कंगवा, मग ब्लोअर गार हवेवर ठेवून लोकर उडवली. ती खोलीभर पसरली, सरकी काढलेल्या कापसासारखी. मग थिनिंग कात्री. केसांच्या वाढीच्या दिशेनं धरायची, आडवी नाही, आणि वरच्या केसाला हात न लावता खालची लोकर विरळ करत जायचं. दोन घास, एकदा कंगवा. पुन्हा दोन घास. खांद्याशी झूल जिथं पाठीला मिळते तिथं मी अर्धा तास घालवला. काळ्या मातीच्या रंगाची झालेली ती कुत्री तिथून हळूहळू पांढरी होत आली. राणी डोळे मिटून उभी होती. मला त्या दोन-अडीच तासांचा आजही अभिमान वाटतो. तसं काम माझ्या हातून क्वचित झालं असेल.

मग कानामागं आणि मांडीच्या घडीत मशीन लावली, दहा नंबरचं ब्लेड. ते दीड मिलिमीटर केस ठेवतं आणि नमद्याखालून सरळ जातं. कानामागची जट निघाली की मी जरा थांबतो. दाबलेलं रक्त एकदम धावतं, कुत्रं डोकं झटकतं आणि कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं. कान हातात धरून बसलो, शांत झाल्यावर पुढे गेलो. उजवी खाक झाली. पावणेबाराला लाइन गेली.

मशीन वायरची. कूलर बंद. खोलीला एकच खिडकी, पश्चिमेची. गुरुजींनी आत डोकावून विचारलं, मी म्हटलं, "एकच खाक राह्यली." पाच मिनिटांत राणीच्या धापा वाढल्या. मी ओलं फडकं तिच्या पंजांखाली घातलं, पाणी पाजलं. लाइन परवा एक तासानं आली होती, त्याच्या आदल्या दिवशी तीन तासांनी. म्हातारं कुत्रं बंद खोलीत ठेवायचं नाही, आणि एका खाकेत नमदा तसाच ठेवून घरी पाठवलं तर चालताना तो कातडी ओढत राहणार.

गुरुजींना म्हणायला हवं होतं की घेऊन जा, संध्याकाळी या. मी नाही म्हटलं. ऑटोचं भाडं, चव्वेचाळीस अंशांचं ऊन, हे मी तेव्हा मनाशी सांगितलेलं कारण. खरं कारण बहुधा असं की मला ते काम पूर्ण झालेलं बघायचं होतं.

साडेचार इंची काढली. तिनं केस दुमडले, कापले नाहीत, आणि ओढ बसल्यावर राणीनं पाय मागे घेतला. ती ठेवली आणि साडेसहा इंचाची वाकडी घेतली. तेज होती, टोक उघडं होतं.

नमदा कात्रीनं काढायचा नियम आमच्यात एकच आहे. कातडी आणि जट यांच्यामध्ये स्टीलचा कंगवा सरकवायचा आणि कंगव्याच्या वरून कापायचं. कारण जट ओढली की तिच्याबरोबर कातडीही तंबूसारखी वर येते आणि आपल्याला वाटतं आपण केसच धरलाय. मी कंगवा घातला. तो तीन चतुर्थांश गेला. पुढे दोन बोटं जागा राहिली, तिथं दात शिरेनात. घामानं हात ओले होते. पाय वर धरून ठेवायला कोणी नव्हतं. मी बोटानं चाचपलं, मऊ लागलं, केस वाटले, आणि कापलं.

राणी ओरडली नाही. इतके दिवस ओढल्या गेलेल्या कातडीला धारदार काप लगेच कळत नाही, हे मी ऐकलं होतं. मला कळलं ते माझ्या तळहातातल्या पांढऱ्या पुंजक्याला लाल कड आली म्हणून. दीड इंच. खाकेतली कातडी कागदाएवढी, ती दोन्ही बाजूंना सरकून उघडली होती.

गॉज दाबला, गुरुजींना हाक मारली, सगळं सांगितलं. लपवलं नाही. ते क्षणभर राणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चाल, दवाखान्यात जाऊ." सरकारी दवाखान्यातले डॉक्टर अडलेल्या गाईकडे गेले होते. दीड वाजता आले, जेवले नव्हते, तसेच टेबलाशी उभे राहिले. तीन टाके. या दवाखान्यात गाई, बैल, बकऱ्या सगळ्यांना मिळून ते एकटे आहेत, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेलो नाही. तिच्यात राग नव्हता. "खाक पहिल्यांदा करत जा," एवढंच म्हणाले, हात धुताना.

मी पैसे घेतले नाहीत. गुरुजी ठेवून गेले, मी ते दुसऱ्या दिवशी घरी नेऊन दिले. साडेचार इंचाची नवी कात्री आली आहे, वायर नसलेली मशीनही. कामाचा क्रम आता भिंतीवर लिहून ठेवला आहे: जटा, खाक, घडी, पंजे, आणि मान शेवटी. बाहेर बसलेल्यांना वाटतं तो त्यांच्यासाठी लिहिलाय.

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींची मुलगी दुकानात आली. राणी सोबत होती. मानेवरून हात फिरवत म्हणाली, "दादा, इतकी सुंदर तर ती माझ्याकडेही नव्हती कधी." मग राणीचा पुढचा पाय हलकेच उचलून टाके बघितले, आणि विचारलं, "इथं मशीन का नाही लावली?"

"लाइन गेली होती, ताई," मी म्हटलं.

ती हो म्हणाली. विदर्भात मे महिन्यात यापुढे कोणी काही विचारत नाही. सकाळी नऊपासून पावणेबारापर्यंत लाइन होती आणि त्यातला बहुतेक वेळ मी मानेचे केस कातरत होतो, हे मी तिला सांगितलं नाही.