परत आलेलं सँक्शन लेटर

२० सप्टेंबर २०१९, शुक्रवार. पिंपरी-चिंचवडमधल्या एका बँकेच्या शाखेत मी तेव्हा कर्जाचं काम बघत होतो. सकाळीच गोव्यातून अर्थमंत्र्यांची घोषणा आली: कंपनी कर ३० वरून २२ टक्के, नव्या उत्पादक कंपन्यांना १५. सेन्सेक्स त्या दिवशी १,९०० अंकांच्या वर उसळला. वरच्या ऑफिसातून फोन, "आता टर्म लोनला, मशिनसाठीच्या मुदतकर्जाला, रांग लागेल, तयारीत राहा."

रांगेतला पहिला माणूस आला तो मंजूर झालेलं कर्ज नको म्हणायला.

भोसरीत गिअरचे भाग बनवणारे शेठ. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या, धातू कापायच्या) मशिनचं सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, त्यांनी टेबलावर ठेवलं. मला वाटलं, पितृपक्ष आहे म्हणून अडलेत. "शेठ, दसऱ्याला डिस्बर्समेंट करू की, पैसे तेव्हाच सोडू."

"दसऱ्याला पूजेपुरती मशिन आहेत, साहेब. सहातली चार झाकून ठेवलीत."

मी कर कमी झाल्याचं हिरिरीने सांगितलं. ते हसले. "आमची भागीदारी फर्म. ते कंपन्यांना." खरंच की! फर्मचे ३० टक्के जागच्या जागीच होते, आणि हे गिऱ्हाइकाने बँकवाल्याला सांगावं! मग मी व्याजाकडे वळलो. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, फेब्रुवारीपासून चार वेळा मिळून १.१० टक्क्यांनी उतरला होता. (आमचा दर तेवढा उतरला नव्हता, ते मी गिळलं.)

त्यांनी मोबाईल पुढे केला. गाड्यांच्या कंपनीचं पुढच्या महिन्याच्या मागणीचं शेड्यूल. निम्म्या रकान्यांत शून्य. "व्याज माफ केलंत तरी माल द्यायचा कुणाला?"

प्रमोशनच्या परीक्षेसाठी मी जपानचं पाठ केलं होतं: २०१६ पासून मध्यवर्ती बँकेचा दर उणे ०.१ टक्का, तरी तिथल्या कंपन्या रोकड धरून बसलेल्या. तेव्हा ते मार्कांपुरतंच होतं; आता समोर भोसरीतच जपान बसला होता. त्याच तिमाहीत देशातल्या कारखान्यांची क्षमता जेमतेम ६९ टक्के वापरात होती, हे रिझर्व्ह बँकेच्या पाहणीतून पुढे कळलं.

चहा घेऊन शेठ गेले. कर्ज रद्द करताना सिस्टिम कारण मागत होती: व्याजदर, अपुरी कागदपत्रं, दुसरी बँक, वैयक्तिक. 'ऑर्डर नाही' असं काही त्या यादीत नव्हतं. मी 'वैयक्तिक'वर क्लिक केलं.