सातपुड्याच्या आभाळातले मळकट पट्टे

गेल्या हिवाळ्यात यावलच्या बाजूने दिसणारी सातपुड्याची रांग एकाच लांब चित्रात बसवावी, म्हणून मी ७०-३०० मिलिमीटरच्या झूम लेन्सने, ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, पूर्ण उघडे ठेवून, २०० मिलिमीटरवर ओळीने नऊ फोटो घेतले. रात्री ते संगणकावर जोडले तेव्हा डोंगराच्या कडा बिनचूक जुळल्या होत्या, पण आभाळात प्रत्येक जोडाजवळ एक उभा मळकट पट्टा उमटला होता. ही लेन्स माझ्याकडे चार वर्षे आहे आणि पूर्वीच्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिने असे काही कधी दाखवले नव्हते. नवा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, असल्यामुळे दोष कॅमेऱ्याचा की लेन्सचा, हेच कळेना. दुरुस्तीच्या एका दुकानात लेन्स दिली. तिथे आतल्या काचा पुसून पैसे घेतले गेले आणि पट्टे होते तसेच राहिले. त्यानंतर मात्र हा विषय मुळापासून समजून घ्यायचे मी ठरवले.

लेन्समुळे चित्राचे कोपरे काळवंडतात, त्याला व्हिग्नेटिंग म्हणतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. माझे पट्टे त्याचेच होते: फोटो जोडले की काळवंडलेल्या कडा जोडाजवळ येतात. पण त्याची कारणे वेगवेगळी आहेत आणि उपायही कारणागणिक बदलतात. पहिले कारण निव्वळ भूमितीचे आहे. प्रकाश सेन्सरवर जितका तिरका पडतो, तितका तो त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. फुल फ्रेम सेन्सरच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे २१.६ मिलिमीटर असते. हा नियम साध्या, आदर्श लेन्सला लावून पाहिला तर २४ मिलिमीटरवर कोपऱ्यातला प्रकाश मध्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास उरतो, ७० मिलिमीटरवर घट साधारण सतरा टक्के होते आणि ३०० मिलिमीटरवर ती जेमतेम एक टक्का राहते. या हिशेबाने माझी लेन्स ३०० वर सर्वांत स्वच्छ दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ती तिथेच सर्वांत जास्त झाकोळते, कारण दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्समध्ये खरा अडथळा लेन्सच्या नळीचा असतो.

हे मला केळीच्या बागेत पडलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने समजले. वीतभर लांबीचा तुकडा डोळ्यांसमोर सरळ धरला की पलीकडचे तोंड पूर्ण गोल दिसते. तोच थोडा तिरका केला की जवळची कड आणि लांबची कड एकमेकींवर सरकतात आणि मधे बदामाच्या आकाराची फट उरते. लेन्सच्या नळीत असेच घडते. मधोमध पोहोचणाऱ्या प्रकाशाला पूर्ण वर्तुळ मोकळे मिळते, तर कोपऱ्याकडे जाणाऱ्या प्रकाशाचा काही भाग पुढच्या किंवा मागच्या कडेने कापला जातो. ॲपर्चर पूर्ण उघडे असेल अशा रीतीने लेन्स हातात धरून मागून तिरके पाहिले, तरी हा बदाम दिसतो. रात्रीच्या फोटोत धूसर झालेले दिवे मध्यभागी गोल आणि कडेला बदामी दिसतात, त्याचेही कारण हेच.

आता आकडे पाहा. फोकल लेंथला (लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याला) एफच्या आकड्याने भागले की ॲपर्चरचा व्यास मिळतो, म्हणून एफचा आकडा वाढला की ॲपर्चर लहान होते. माझ्या लेन्सचे ॲपर्चर ३०० वर एफ ५.६ ला पूर्ण उघडे असते. ३०० मिलिमीटर आणि एफ ५.६ यांचा भागाकार सुमारे ५४ मिलिमीटर येतो. म्हणजे पुढून पाहताना ॲपर्चरचे तोंड एवढ्या व्यासाचे दिसले पाहिजे. पुढची काच त्याहून थोडीच मोठी ठेवलेली असते. कोपऱ्यांनाही पूर्ण प्रकाश द्यायचा तर ती बरीच मोठी करावी लागेल आणि लेन्सचे वजन व किंमत दोन्ही वाढतील. तासन्‌तास हातात लेन्स धरून उभे राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही तडजोड मला योग्य वाटते. एफ ८ केले की तोच व्यास ३७.५ मिलिमीटरवर येतो आणि तिरका प्रकाश कडांना फारसा न अडखळता आत शिरतो. जुन्या कॅमेऱ्यावर हे का दिसले नाही, तेही आता उलगडले: त्याचा सेन्सर मध्यापासून कोपऱ्यापर्यंत १४ मिलिमीटरच होता, त्यामुळे झाकोळलेला भाग चित्रात येतच नव्हता.

स्वतःच्या लेन्सची चाचणी घरी करता येते. सूर्याकडे पाठ करून मोकळ्या आभाळाचा एक तुकडा निवडावा, फोकस मुद्दाम धूसर करावा, मॅन्युअल मोडवर प्रत्येक फोकल लेंथला पूर्ण उघड्या ॲपर्चरपासून एफ ११ पर्यंत फोटो घ्यावेत. मग कॅमेरा उलटा धरून पुन्हा एक घ्यावा. काळोखी चित्राच्या त्याच कोपऱ्यांत राहिली तर ती लेन्सची, आणि बाजू बदलली तर आभाळाच्या उजेडातला फरक. आपल्याकडे उन्हाळ्यात क्षितिजालगत धुरळा असतो, म्हणून ही खात्री करून घेणे आवश्यक आहे. माझ्या लेन्सला ३०० वर, एफ ५.६ ला, कोपऱ्यात एका स्टॉपहून थोडी जास्त घट दिसली, म्हणजे प्रकाश निम्म्याहूनही कमी उरला. एफ ८ ला ती जवळजवळ नाहीशी झाली.

ॲपर्चर लहान करूनही काळेपणा हटत नसेल आणि त्याची कड उलट अधिक रेखीव होत असेल, तर हूड (लेन्सच्या तोंडावर लावायची झडप) तिरका बसला आहे का, किंवा एकावर एक फिल्टर चढवले आहेत का, ते पाहावे. पाकळीच्या आकाराचा हूड थोडा जरी फिरला तरी त्याची पाकळी कोपऱ्यात डोकावते. तिथे प्रकाश पोहोचलेलाच नसल्यामुळे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

बाकीची घट दुरुस्त करता येते. कॅननच्या कॅमेऱ्यांत पेरिफेरल इल्युमिनेशन करेक्शन आणि निकॉनमध्ये व्हिग्नेट कंट्रोल या नावाने सोय असते, पण तिचा परिणाम कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या जेपेगवर होतो. रॉ फाइलसाठी, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीसाठी, संगणकावर लेन्सचे प्रोफाइल (तिच्या दोषांची मोजलेली माहिती) लावावे लागते. मोफत सॉफ्टवेअरपैकी डार्कटेबल हे काम लेन्सफन या लेन्सविषयक माहितीच्या संग्रहावरून करते, तर रॉथेरपीमध्ये आपणच घेतलेला कोऱ्या पृष्ठभागाचा फोटो आधार म्हणून देता येतो. मात्र एक स्टॉप उजळवणे म्हणजे कोपऱ्यातला मुळातच अपुरा प्रकाश दुप्पट करून दाखवणे, आणि त्याबरोबर तिथला नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, हीही वर येते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर असताना हे जाणवत नाही. हतनूरच्या जलाशयावर पहाटे आयएसओ ३२०० ला टिपलेल्या चक्रवाकांच्या फोटोंत मात्र कोपऱ्यातले पाणी ६४०० ला काढल्यासारखे खरखरीत दिसले. म्हणून पक्षी पाणवनस्पतींत बसलेला असेल तर मी कोपरे तसेच सोडतो. गडद पार्श्वभूमीवर ते खटकत नाहीत आणि नजर पक्ष्यावर राहते. पांढुरक्या आभाळात उडणारा थवा असेल तर दुरुस्ती करतोच.

जोडचित्रासाठी मात्र सवलत नाही. फेब्रुवारीत त्याच शेताच्या बांधावर उभे राहून मी एफ ८ वर पुन्हा नऊ फोटो घेतले, प्रत्येक फोटोचा तिसरा हिस्सा पुढच्यात येईल असे, आणि जोडण्याआधी प्रत्येकावर स्वतंत्रपणे दुरुस्ती लावली. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे आले. जुने नऊ फोटोही मग त्याच रीतीने पुन्हा जोडून पाहिले. सात जोड स्वच्छ झाले, आणि राहिलेल्या एका जोडावर, जिथे दोन फोटो फारच कमी एकमेकांवर आले होते, पट्टा अजून पुसट दिसतो.